रहस्यकथेला परीक्षक हवा

बाबूराव अर्नाळकरांचं नाव गिनीज बुकात गेलं ते १०९२ या आकड्यामुळे. १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने निघालेल्या छोट्या रहस्यकथा, अशी ती नोंद. हिशोब केला तर महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं, आणि तीही अठ्ठेचाळीस वर्षं सलग. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावं मात्र घराघरांत होती.

पुणे-नाशिक रस्त्याने खेडचा घाट चढून आलं की अवसरी घाटाच्या अलीकडे आमचं पेठ लागतं. सातगाव पठारावरचं गाव. पावसाळ्यात नजर जाईल तिथवर बटाटा. इथे मासिकांच्या वर्गण्या भरणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी असायची, पण अर्नाळकर पोचले होते. वाचनालयाच्या कपाटातून, एसटीतल्या शेजाऱ्याच्या पिशवीतून, मुंबईला माथाडीत असलेल्या चुलत्याच्या ट्रंकेतून. काळापहाड कोण, हे सांगणारी म्हातारी माणसं पठारावर अजून भेटतात. त्यांनाच खांडेकरांच्या एखाद्या नायकाचं नाव विचारा, टोपी मागे सारून डोकं खाजवतील.

एवढा वाचक ज्या लेखनाला मिळाला, त्याला मान किती मिळाला? महाराष्ट्र शासन दर वर्षी वाङ्मय पुरस्कार देतं. त्यात कथेसाठी दिवाकर कृष्णांच्या नावाचा पुरस्कार आहे, कादंबरीला हरी नारायण आपट्यांच्या, विनोदाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा. शेतीवरच्या पुस्तकाला वसंतराव नाईकांच्या नावाचा पुरस्कार आहे. म्हणजे बटाट्याच्या लागवडीवर पुस्तक लिहिणाऱ्या पेठकराला सरकारदरबारी स्वतःचा खण आहे. बटाट्याच्या अरणीत, म्हणजे पाचटाखाली झाकलेल्या ढिगात, सापडलेल्या प्रेतावर गोष्ट लिहिणाऱ्याला नाही. त्याने कथासंग्रह काढायचा आणि ग्रामीण कथा, दलित कथा, नवकथेच्या वारसदारांसोबत एकाच रांगेत उभं राहायचं. परीक्षकाने पहिलं पान उघडलं, त्यात खून दिसला, की पुढे काय होतं ते सांगायला गुप्तहेर लागत नाही.

गुन्ह्याचं मराठी साहित्याला वावडं आहे असं मात्र नाही. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि त्या कादंबरीत खजिना लुटला जातो, पोलीस मागावर असतात, माणसं फासावर जातात. पण तिथे गुन्हा हा अन्यायाचा जाब आहे. गुन्हा सामाजिक झाला की त्याला मखरात जागा मिळते. तोच गुन्हा कोडं म्हणून मांडला, ‘ओळखा पाहू कोणी केलं’ असं वाचकाला विचारलं, की तो करमणुकीच्या सदरात जातो.

जगात याच्या उलट घडलं, आणि ते बक्षिसांमुळेच घडलं, असं माझं मत आहे. गुप्तहेरकथेचा जनक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात त्या एडगर अ‍ॅलन पोचंच बघा. १८४१ साली त्याने पॅरिसमधल्या दुहेरी खुनाची कथा लिहिली आणि खोलीत बसून तर्काने गुन्हा उलगडणारा माणूस प्रथमच उभा केला. दोन वर्षांनी फिलाडेल्फियातल्या एका वृत्तपत्राने कथास्पर्धा जाहीर केली. पोने आपली ‘गोल्ड बग’ ही सांकेतिक लिपी उलगडण्याची कथा आधीच एका मासिकाला ५२ डॉलरना विकली होती. स्पर्धेचं बक्षीस १०० डॉलर होतं. त्याने कथा परत मागून घेतली, स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मारलं. आयुष्यभर कडकीत राहिलेल्या पोची ती त्याच्या हयातीतली सर्वांत जास्त वाचली गेलेली कथा ठरली.

पुढे शंभर वर्षांनी, दुसरं महायुद्ध संपता संपता, अमेरिकेतल्या रहस्यलेखकांनी आपली संघटना काढली आणि १९४६ पासून त्याच पोच्या नावाने पुरस्कार सुरू केले. बक्षीस म्हणून पोचा छोटा अर्धपुतळा देतात, त्याला लाडाने ‘एडगर’ म्हणतात. कादंबरीबरोबर लघुकथेलाही स्वतंत्र एडगर मिळू लागला. रोआल्ड डाल, ज्याच्या मुलांच्या गोष्टी आपल्याकडे इंग्रजी शाळांत वाचतात, त्याला ‘द लँडलेडी’ या दहाबारा पानांच्या कथेसाठी १९६० साली एडगर मिळाला. स्टीफन किंगसारख्या जाडजूड कादंबऱ्यांच्या लेखकाला २०१६ साली तो मिळाला, तोही एका कथेसाठी. जपानने तर उशीरच केला नाही. तिथल्या रहस्यलेखकांची संघटना उभी करणाऱ्या लेखकाने टोपणनावच एदोगावा राम्पो घेतलं होतं, भरभर म्हटलं तर एडगर अ‍ॅलन पो. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशात १९४८ सालच्या पहिल्याच पुरस्कारांत लघुकथेला वेगळं स्थान होतं.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एका मासिकाच्या स्पर्धेचा किस्सा. ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’ हे फक्त रहस्यकथा छापणारं मासिक १९४१ साली निघालं. युद्ध संपताना त्यांनी कथास्पर्धा ठेवली. स्पर्धकांत विल्यम फॉकनर होता. तोच फॉकनर, ज्याला पुढे चारपाच वर्षांत साहित्याचं नोबेल मिळालं. १९४६ साली निकाल लागला आणि फॉकनरला दुसरा क्रमांक मिळाला. तो चांगलाच चिडला. फ्रान्समध्ये आपल्याला साहित्यातल्या चळवळीचा प्रवर्तक मानतात आणि इथे आपण रहस्यकथांच्या स्पर्धेत दुसरे येतो, अशा अर्थाचं पत्र त्याने आपल्या एजंटला लिहिलं.

पहिला कोण आला? मॅनली वेड वेलमन नावाचा लेखक, ज्याचं नाव आज अभ्यासक सोडले तर कुणाला आठवत नाही. त्याच्या कथेचा नायक होता मूळनिवासी अमेरिकन जमातीतला एक तरुण पोलीस. आपल्याच वस्तीतला खून तो शोधतो, आणि तिथल्या चालीरीती त्याला ठाऊक असतात म्हणून शोधू शकतो. परीक्षकांनी नावाचं वजन बाजूला ठेवलं आणि गोष्टीचं वजन केलं. मराठी रहस्यकथेला जे कधी मिळालं नाही ते नेमकं हे. वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं, टीकाकारांनी पायाशी ठेवलं. समोर बसून, पान उलटवून, ‘ही चांगली, ही फसली, आणि अमुक कारणाने फसली’ असं सांगणारं कुणी मधे उभंच राहिलं नाही.

याची किंमत काय, ते शेजारच्या एका साहित्यप्रकाराकडे पाहिलं की कळतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली. परिषदेने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ साली त्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या अनोळखी नावाने ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी नाव बनवलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ निनावी परीक्षेला बसला, कारण त्याला गोष्ट जमली की नाही हे खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्या स्पर्धेतून नारळीकर कथाकार झाले, पाठोपाठ विज्ञानकथेला संपादक मिळाले, दिवाळी अंकांत पानं मिळाली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. रहस्यकथेकडे विज्ञानकथेपेक्षा कितीतरी पट वाचक होते. स्पर्धा नव्हती.

नव्हती म्हणजे अजिबात नव्हती असं नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपलं कथाविश्व दिवाळी अंकांच्या आधाराने चाललं आहे, आणि कथास्पर्धा हा त्या अंकांचा जुना रिवाज. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’सोबत ‘नवल’ चालवलं ते अद्भुत आणि रहस्य यांच्यासाठीच. ‘धनंजय’चा दिवाळी अंक तर रहस्यकथा आणि गूढकथा वाचणारे हक्काने घेतात. तिथे गुरुनाथ नाईकांपासून नारायण धारपांपर्यंतच्या पिढ्यांचा वाचक पोसला गेला. पण अंकाची स्पर्धा अंकापुरती. दर वर्षी, त्याच नियमांनी, फक्त रहस्यकथेसाठी होणारी आणि जिच्या निकालाची लोक वाट बघतील अशी स्पर्धा रुजली नाही.

या सगळ्यात गंमत अशी की पुरस्कार आपल्या मातीला मिळतच होते, फक्त दुसऱ्यांच्या हातून. १९६४ साली ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा ‘गोल्ड डॅगर’, म्हणजे सोन्याचा खंजीर, एच. आर. एफ. कीटिंग या लेखकाला मिळाला. पुस्तक होतं ‘द परफेक्ट मर्डर’ आणि नायक होता मुंबई सीआयडीतला इन्स्पेक्टर गणेश घोटे. कीटिंगने तोवर भारतात पाऊल टाकलेलं नव्हतं. नकाशे, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं यांवरून त्याने मुंबई रचली, आणि प्रत्यक्ष आला तो सुमारे दहा वर्षांनी. अलीकडे, २०२१ साली, वसीम खान यांच्या ‘मिडनाइट अ‍ॅट मलबार हाऊस’ला ऐतिहासिक गुन्हेकथेचा खंजीर मिळाला. तीही मुंबई, स्वातंत्र्यानंतरची. मलबार हिलच्या विधवांवरच्या सुजाता मॅसींच्या कादंबरीलाही अमेरिकेत पुरस्कार मिळाले. मुंबईतला खून लंडन-न्यूयॉर्कच्या परीक्षकांना भावतो. तो मराठीत झाला की मात्र रद्दीच्या भावात जातो.

आणि पुण्याचं काय? ब्योमकेश बक्षी दूरदर्शनवर आला तेव्हा आपण सगळ्यांनी तो पाहिला. कलकत्त्याचा, धोतर नेसणारा, स्वतःला गुप्तहेर नव्हे तर सत्यान्वेषी म्हणवणारा. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहायला १९३८ साली मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. दहाएक कथांनंतर त्यांनी ब्योमकेशला बाजूला ठेवलं होतं. पंधरा वर्षांच्या खंडानंतर तो पुन्हा उभा राहिला, आणि त्यानंतरच्या बहुतेक कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. त्यातली एक तर महाबळेश्वरच्या सह्याद्री हॉटेलात घडते. पोलिसांच्या कामासाठी पुण्याला आलेला ब्योमकेश घाटावर चढतो आणि तिथून मित्राला पत्र लिहितो. भारतीय भाषांतल्या सर्वांत नेटक्या गुप्तहेरकथा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी लिहिल्या जात होत्या, आणि आपल्याला पत्ता नव्हता. बंगालने तरी काय केलं? शरदिंदूंना १९६७ साली रवींद्र पुरस्कार दिला तो ‘तुंगभद्रार तीरे’ या विजयनगरच्या ऐतिहासिक कादंबरीला. ब्योमकेश तिथेही दाराबाहेरच.

तेव्हा नाक मुरडण्याचा मक्ता एकट्या मराठीकडे नाही. पण बंगाल्यांकडे एक सोय फार आधीपासून होती. एच. बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ या केसांच्या तेलाच्या नावाने १८९६ साली कथेचा पुरस्कार सुरू केला. अट एवढीच की कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण जाहिरात वाटू नये. पहिल्याच वर्षी जगदीशचंद्र बोस यांनी वादळावर तेल ओतून ते शमवल्याची कथा लिहून तो मिळवला, आणि १९०३ साली शरच्चंद्रांनी मामाच्या नावावर कथा पाठवून तो जिंकला. तेलवाल्याने साहित्याचं जितकं भलं केलं तितकं काही अकादम्यांनाही जमलेलं नाही.

आता परीक्षक नेमकं करतो काय, ते पाहू. अमेरिकेतल्या छोट्या रहस्यकथांच्या संघटनेचा पुरस्कार आहे, मुठीत लपणाऱ्या डेरिंजर पिस्तुलाच्या नावाचा. त्यात लांबीप्रमाणे गट पाडले आहेत. हजार शब्दांपर्यंतची कथा वेगळी, चार हजारांपर्यंतची वेगळी, त्याहून लांब वेगळी. कथा लेखकाचं नाव काढून परीक्षकांकडे जाते, गुण पडतात, आणि शेवटी उरलेल्यांवर सभासद मत देतात. लांबीचा नियम वरवर कारकुनी वाटतो. पण हजार शब्दांत खून करायचा, संशयित उभे करायचे, धागा पेरायचा आणि उलगडायचा, तर एक विशेषणसुद्धा फुकट घालवता येत नाही. अर्नाळकरांच्या पुस्तकांत ही शिस्त नाही, हे प्रेमानेच कबूल केलं पाहिजे. तिथे भुयार ऐनवेळी सापडतं आणि वेषांतर कुणालाही ओळखू येत नाही. महिन्याला दोन पुस्तकं लिहिणाऱ्याकडून दुसरं काय मिळणार? सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, अमर विश्वास उभे केले तेव्हा रचना घट्ट झाली, संवाद चुरचुरीत झाले, पण तोही गडी एकट्याच्या बळावर लढला.

धागा पेरणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्याच एका गोष्टीने सांगतो. मंचर-खेडच्या भागात उन्हाळी बटाटा शीतगृहात न नेता अरणीत ठेवायची पद्धत आहे. झाडाच्या गर्द सावलीत ढीग रचायचा, वर पाचट, गवत चांगलं जाड पसरायचं, उजेड आत जाता कामा नये. उजेड लागला तर बटाटा हिरवा पडतो, कडू होतो, गिऱ्हाईक हात लावत नाही. हे पठारावरचं पोरही जाणतं. आता समजा, वाटणीवरून भांडलेल्या दोन भावांपैकी धाकटा होळीच्या सुमाराला गायब झाला. थोरला सांगतो, तो पुण्याला गेला, आणि अरण मी रचल्यापासून उघडलेलीच नाही. दीड महिन्याने व्यापारी येतो, सगळ्यांसमोर पाचट बाजूला होतं. पोलीस पाटील नुसता उभा आहे. ढिगाच्या एका कडेचे, हातभर खोलीवरचे बटाटे हिरवे आहेत. वरचे मात्र पांढरे. आता वरचे पांढरे आणि खालचे हिरवे, असं होईल कसं? एकदा ढीग उपसला गेला, काही दिवस तो भाग उघडा राहिला, मग त्यावर दुसरीकडचे बटाटे ओतले गेले, तरच. पाटील काही बोलत नाही. व्यापारी ‘हिरवा माल घेत नाही’ म्हणून कटकट करतो आणि वाचक ती कटकट दराची घासाघीस समजून पुढे जातो.

धागा असा असतो. तो वाचकाच्या डोळ्यांदेखत ठेवलेला, पण दुसऱ्याच कारणाने तिथे आलेला. हिरव्या बटाट्याचा तपशील व्यापाऱ्याच्या तोंडी घातला तर तो लपतो, पाटलाच्या तोंडी घातला तर उघडा पडतो. हा फरक लेखकाला सांगायला परीक्षक लागतो, संपादक लागतो, निदान एक चिकित्सक वाचक लागतो. आणि वेलमनचा जमातीतला पोलीस पहिला का आला, तेही यातून कळतं. कलकत्त्याच्या ब्योमकेशला आमची अरण उलगडली नसती. ती पोलीस पाटलालाच उलगडते, ज्याच्या घरीही उन्हाळ्यात तसाच ढीग असतो, आणि भावकी कुणाची कुणाशी किती वर्षांची आहे हे ज्याला सातबारा न बघता ठाऊक असतं. १९६७ च्या कायद्याने गावोगाव नेमलेली ही माणसं रहस्यकथेत जवळजवळ दिसतच नाहीत. आपल्या कथांतले गुप्तहेर अजून मोटारीतून उतरतात आणि सिगारेट पेटवतात.

त्यामुळे अशा पुरस्काराला मुंबई-पुण्याच्या सभागृहाची वाट बघायची गरज नाही. तालुक्याचं एखादं ‘ब’ वर्गाचं वाचनालयही तो चालवू शकेल. दीड हजार शब्दांची मर्यादा, नावाऐवजी क्रमांक, वर्षाला एकच निकाल, आणि तो कारणांसकट फळ्यावर. परीक्षकांत एक शिक्षक असावा, एक निवृत्त हवालदार असावा आणि एक अट्टल वाचक, ज्याने आयुष्यात एक ओळही लिहिलेली नाही. पैसे फार नकोत. पोला ५२ ऐवजी १०० डॉलर मिळाले म्हणून तो धावला, तेवढी ओढ पुरे.

आणि तपासायची रीत वाचनालयाच्या कपाटातच पडलेली आहे. तिथल्या जुन्या रहस्यकथांची शेवटची पानं कुणीतरी हटकून फाडून नेलेली असायची. तेच नियमात बसवायचं. परीक्षकांना कथा शेवटच्या पानाशिवाय द्यायची आणि प्रत्येकाने गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. तिघांचंही बरोबर आलं तर कथा सोपी, बाद. कुणाचंच आलं नाही तर शेवटचं पान द्यायचं, आणि मागे जाऊन धागा कुठे होता ते त्यांना बोटाने दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं, तर तीही बाद.